कानामागचं ओलं



आज एका इंग्रजी वाक्प्रचाराबद्दल लिहिते आहे. आपल्या घरांमधली मुलं आता पुण्या-बंगळूरला नोकरी करतात आणि सुट्टीत येताना बॅगेत कपड्यांबरोबर असे शब्दही घेऊन येतात. मग ते शब्द आपल्या मानोऱ्यातही फिरायला लागतात. 'वेट बिहाइंड द इअर्स' हा त्यातलाच एक. शब्दाला शब्द लावला तर 'कानामागे अजून ओलं आहे.' म्हणजे काय, तर पोरगं कच्चं आहे, जग पाहिलेलं नाही, काल जन्मलं आणि आज बोलायला लागलं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आंघोळ करून आलेल्या आणि कान नीट न पुसलेल्या पोराबद्दल असेल. पण हा शब्द गोठ्यातला आहे. वासरू जन्मतं तेव्हा सगळं अंग ओलं असतं. गाय चाटते, वारा लागतो, अंग वाळत जातं. कानाच्या मागच्या खोलगट जागेतला ओलावा मात्र सगळ्यात शेवटी जातो. जर्मन लोक तर कानामागे 'हिरवा' म्हणतात, म्हणजे न पिकलेला. ज्यांच्या घरी गाई-म्हशी आहेत त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. आपल्या तालुक्यात सोयाबीन, तूर, कपाशीबरोबर दारात जनावर असणारी घरं अजून आहेत.

आपल्या मराठीत याच अर्थाचे शब्द काही कमी नाहीत. ओठावरचं दूध सुकलं नाही. कालचं पोर. शेंबडं पोर. अजून मिसरूड फुटलं नाही. आम्ही चार पावसाळे जास्त पाहिलेत. आम्ही काही उन्हात केस पांढरे केले नाहीत. आणि सोळा ते पंचवीस या वयाला तर आपण खास नाव देऊन ठेवलं आहे, गद्धेपंचविशी.

एकदा दुपारी तुरी निवडता निवडता मी हे सगळे शब्द मनात मोजत होते. तेव्हा लक्षात आलं की यातले बरेचसे मुलांसाठी आहेत. मिसरूड मुलीला फुटत नाही. गद्धेपंचविशीही आपण मुलांचीच म्हणतो. मुलाने पैसे उडवले, नोकरी सोडली, गाडी आपटली की घरातली मोठी माणसं म्हणतात, "जाऊ द्या, गद्धेपंचविशी आहे, येईल अक्कल." म्हणजे त्या शब्दात टोमणा आहे, पण माफीही आहे. मुलीच्या गद्धेपंचविशीला कोणी हसून सोडून दिलेलं तुम्ही पाहिलं आहे का? मला तरी आठवत नाही.

मग मुलीसाठी काय आहे? मुलीसाठी आपल्याकडे दुसरी म्हण आहे. गंमत म्हणजे तीही कानामागचीच आहे. 'कानामागून आली आणि तिखट झाली.' जुनी माणसं तिचा अर्थ असा सांगतात की जनावराला कान जन्मापासून असतात, शिंगं नंतर फुटतात. पण तिखट, म्हणजे धारदार, होतात ती शिंगंच. जी मागून आली तीच वरचढ झाली. म्हणीत 'आली' आहे, 'झाली' आहे. बहुतेक वेळा ती सुनेबद्दल, धाकट्या जावेबद्दल, ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलीबद्दल म्हटली जाते.

वासराचा एकच कान, पण त्याच्यामागे इंग्रजी माणसाला ओलावा दिसला आणि आपल्याला शिंग. मुलगी गप्प बसली तर कानामागे ओलं, आणि बोलली तर कानामागून आलेली. मधली जागाच नाही.

हे मी उगाच शब्दांचा कीस पाडते आहे असं वाटेल. म्हणून मागच्या फाल्गुनात आमच्या नात्यात घडलेलं सांगते.

आमच्या जाऊबाईंच्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते. मुलगी बावीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, वाशीमला एका सी.ए.कडे कामाला जाते. मुलाच्या घरी दुकान. कार्यक्रम दुपारी ठेवला होता, म्हणजे सूर्यास्ताच्या आत जेवण उरकून पाहुण्यांना निघता येईल. शेंगदाणे घातलेले पोहे झाले, चहा झाला. नेहमीचे प्रश्न झाले. स्वयंपाक येतो का, पाठशाळेत काय शिकली, भक्तामर पाठ आहे का. मुलीने सगळ्याची नीट उत्तरं दिली. मग मुलाच्या वडिलांनीच मोकळेपणाने म्हटलं, "तुला काही विचारायचं असेल तर विचार बेटा."

तिने तीन गोष्टी विचारल्या. लग्नानंतर मी नोकरी केली तर चालेल का? माझा पगार माझ्या खात्यात राहील का? आणि दुकानावर कर्ज किती आहे?

पहिल्या दोन प्रश्नांपर्यंत सगळे हसत होते. तिसऱ्या प्रश्नाला बैठक गार झाली. तिचं कामच हिशेबाचं. रोज दुसऱ्यांच्या वह्या पाहणारी मुलगी, तिला तो प्रश्न पोह्यात मीठ विचारावं इतका साधा वाटला असणार. पण मध्यस्थी करणारे समाजातले एक काका घाईघाईने हसले आणि म्हणाले, "मनावर घेऊ नका हो, पोट्टी अजून वेट बिहाइंड द इअर्स आहे." इंग्रजीत म्हटल्यामुळे ते आणखीच सभ्य वाटलं. पाहुणे हसले, आमच्याकडचे हसले. मुलीने मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी आमच्या आत्याबाई बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या. त्यांनी शेजारच्या सुनेला विचारलं, तो काय म्हणाला? तिने अर्थ सांगितला. आत्याबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मी चौदा वर्साची व्हती तवा मले या घरातून त्या घरात धाडलं. तवा मी मोठी झाली व्हती म्हणे. आता हे बावीस वर्साची हाये, शिकली, नोकरी करते, अन् हे लहान? कसं काय बा?"

आवाज चढवला नाही, रागावल्या नाहीत. पण त्या 'कसं काय बा'चं उत्तर त्या खोलीत कोणाकडे नव्हतं.

मैत्रिणींनो, माझ्या डोक्यात तेव्हापासून तोच प्रश्न आहे. आपण मुलीला लहान म्हणतो आणि मोठी म्हणतो, ते नक्की कशावरून ठरवतो? लग्नाला ती मोठी असते. पहाटे उठून पाहुण्यांचा स्वयंपाक करायला मोठी असते. सासरी ऐकून घ्यायला मोठी असते. दशलक्षण पर्वात दहा दिवसांचे उपवास करायला निघाली तर आपण कौतुकाने तिची मिरवणूक काढतो, तेव्हा 'लहान आहे, झेपेल का' असं कितीजण म्हणतात? पण कर्ज किती, घर कोणाच्या नावावर, मला अजून दोन वर्षं शिकायचं आहे, हे म्हटलं की लगेच लहान. वय तेच. बदलतो तो आपला सोयीचा शब्द.

कायद्याने 1989 पासून अठराव्या वर्षी मताचा अधिकार दिला आहे. म्हणजे देश कोणी चालवायचा हे ती ठरवू शकते. स्वतः कोणाच्या घरी जायचं याबद्दल तिसरा प्रश्न विचारला तर मात्र कानामागे ओलं.

हा गुंता आजचा नाही. महाराष्ट्रात तो कोर्टापर्यंत गेलेला आहे. रखमाबाईंची गोष्ट तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. 1864 साली मुंबईत जन्मलेल्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लावलं गेलं. त्या माहेरीच राहिल्या. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरात वाचायला-लिहायला शिकल्या. 1884 साली नवऱ्याने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला की बायकोला माझ्या घरी पाठवा. तेव्हा त्या सुमारे वीस वर्षांच्या होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्या वयात मला काही समजत नव्हतं, त्या वयातल्या लग्नाने मला बांधू नका.

1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यावर केवढं वादळ उठलं! इंग्रजी शिक्षणाने पोरगी बिघडली, असा सूर वर्तमानपत्रांतून लागला. प्रकरण पुन्हा चाललं आणि मार्च 1887 मध्ये दुसऱ्या न्यायमूर्तींनी हुकूम दिला की महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी 1888 मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत, राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले. 1955 साली, नव्वदी ओलांडून, त्या गेल्या.

आता आत्याबाईंचा प्रश्न इथे लावून पाहा. अकरा वर्षांच्या मुलीचं लग्न पक्कं धरायला समाज तयार होता. पण वीस वर्षांच्या बाईचं 'नाही' मात्र त्याला पोरखेळ वाटलं. अकराव्या वर्षी तिला सगळं कळत होतं आणि विसाव्या वर्षी काहीच कळत नव्हतं, असा हा हिशेब. आपल्या जैन समाजातही मगनबाईंसारखी बाई होऊन गेली. दानवीर माणिकचंद जव्हेरींची ही मुलगी ऐन तारुण्यात विधवा झाली. तिने पुढे शिकून मुंबईत श्राविकाश्रम उभा केला, जिथे विधवा आणि निराधार श्राविका शिकून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. तिच्या वडिलांनी तिला शिकवलं, कामात पुढे केलं. त्यांनीही जर 'तुला काय कळतं' म्हटलं असतं, तर किती घरांचं नुकसान झालं असतं!

आपल्या धर्मात वयाकडे कसं पाहतात ते आठवा. आठ वर्षं पूर्ण झालेलं मूल, शुद्ध कपडे घालून, मन-वचन-काय शुद्ध म्हणून मुनिमहाराजांना आहार देऊ शकतं. चौक्यात आपण नातवंडांना पुढे करतोच ना? एवढासा हात थरथरत महाराजांच्या अंजलीत घास ठेवतो आणि महाराज तो घेतात. तिथे कोणी म्हणत नाही की याचे कान आधी वाळू द्या.

आणि आचार्य विद्यासागर महाराज. 2022 चा त्यांचा चातुर्मास आपल्या जिल्ह्यात शिरपूरला, अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या पायाशी झाला. आपल्यातल्या किती जणी तेव्हा दर्शनाला जाऊन आल्या. त्यांना मुनिदीक्षा मिळाली ती 1968 साली अजमेरला, एकविसाव्या वर्षी. त्यांचे गुरू आचार्य ज्ञानसागर महाराज वयोवृद्ध, संस्कृतचे मोठे पंडित. 22 नोव्हेंबर 1972 रोजी नसीराबादला ज्ञानसागर महाराजांनी आपलं आचार्यपद सोडलं आणि ते आपल्या सव्वीस वर्षांच्या शिष्याला दिलं. स्वतः उच्चासनावरून खाली उतरले, शिष्याला तिथे बसवलं, त्याला नमस्कार केला आणि माझी सल्लेखना आता तुम्ही करवून घ्या, अशी विनंती केली. ऐंशीच्या पुढचा गुरू सव्वीस वर्षांच्या शिष्यापुढे हात जोडतो. आपल्या गद्धेपंचविशीच्या मोजपट्टीने तो शिष्य जेमतेम एक वर्ष बाहेर आलेला!

हे सांगताना मी असं म्हणत नाही की तरुणांना सगळंच कळतं. ओलावा खोटा नसतो. बावीसाव्या वर्षी माणूस पटकन विश्वास ठेवतं, पटकन दुखावतं, गोड बोलणाऱ्याला भुलतं. चार पावसाळे पाहिल्याचा उपयोग असतोच. कोणत्या घरात बाईमाणसाला मान आहे, हे आपल्याला उंबऱ्यावरच कळतं. मुलीला ते कळायला वेळ लागतो. म्हणून तर मोठी माणसं हवीत.

पण ओले आपणही असतो, फक्त दुसऱ्या जागी. फोनवर "मी पोलीस बोलतोय, तुमच्या नावाने पार्सल सापडलं आहे" असं कोणी सांगितलं तर केस पांढरे झालेली माणसं घाबरून पैसे पाठवायला निघतात, आणि घरातली तीच कालची पोरगी येऊन फोन कापते. आपल्याला मोबाइलवरून पैसे द्यायला कोणी शिकवलं? मुलींनी आणि सुनांनीच. शिकवताना त्यांनी आपल्याला कोणता वाक्प्रचार ऐकवला नाही. दहा वेळा विचारलं तर अकराव्यांदा सांगितलं.

आमच्या त्या मुलीचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. दुसऱ्या दिवशी मुलाचाच फोन आला. त्याने दुकानावरचं कर्ज किती ते सांगितलं. मग म्हणाला, "खरं सांगू का, तुम्ही विचारलं म्हणून मी काल रात्री पहिल्यांदा बाबांना विचारलं. मलाही आजवर 'तुला काय समजते' म्हणूनच कोणी सांगितलं नव्हतं." ऐकून मला त्या मुलाबद्दल माया वाटली. सव्वीस वर्षांचा मुलगा रोज दुकानात बसतो आणि त्याला दुकानाचं कर्ज माहीत नाही! म्हणजे हा शब्द मुलांनाही सोडत नाही. मुलाच्या चुका माफ होतात, पण वहीची किल्ली त्यालाही मिळत नाही. ती दोघं त्यानंतर दोनदा भेटली. लग्न अजून ठरलेलं नाही आणि कोणी घाईही करत नाही. काय ते ती सांगेल.

मला वाटतं, शब्द बदलण्यापेक्षा वागणं बदलायला हवं. मुलगी किंवा नवी सून काही विचारेल तेव्हा आधी प्रश्नाचं उत्तर द्यावं. प्रश्न अडाणीपणाचा असला तर उत्तर देताना ते आपोआप कळतंच, तिला आणि आपल्यालाही. बँकेत जाताना तिला सोबत न्यावं. घराचे कागद, विम्याचे कागद, शेताचा सातबारा कुठे ठेवलाय ते तिला दाखवावं. लग्नाच्या बोलणीत तिला पोहे घेऊन येण्यापुरतं न बोलावता बसवावं. आणि बैठकीत कोणी तिला हसण्यावारी नेलं तर आपण बायकांनी तरी त्या हसण्यात सामील होऊ नये. आत्याबाईंनी केलं ते एवढंच.

शेवटी पुन्हा त्या वासराकडे येते. सम्यग्दर्शनाची आठ अंगं आपण पाठशाळेत घोकली आहेत. त्यातलं सातवं वात्सल्य. हा शब्द 'वत्स' म्हणजे वासरू यावरूनच आला आहे, आणि शास्त्र सांगताना पंडितजी नेहमी तोच दाखला देतात की साधर्मी माणसावर असं प्रेम करावं जसं गाय वासरावर करते. रक्षाबंधनाला आपण विष्णुकुमार मुनींची कथा ऐकतो, तीही याच अंगाची.

गाय वासराला पाहून हसत नाही, की हे बघा, याच्या कानामागे अजून ओलं आहे. ती जवळ जाते आणि चाटून चाटून त्याला कोरडं करते. तासाभरात ते धडपडत उभं राहतं, पडतं, पुन्हा उभं राहतं. पुढे त्याला शिंगं फुटतात, तीही तिला टोचतात आणि ती ते सोसते. ओलं दिसलं तर पुसायचं, आणि शिंग दिसलं तर आपलं वासरू मोठं झालं म्हणून आनंद मानायचा. घरातल्या मोठ्या बाईचं काम याहून वेगळं काय असतं?

जय जिनेंद्र.